शैलाच्या वॉर्डातल्या वाढलेल्या चुका

शैला जन्मजात लीडर नव्हती. तो फ्लेक्स उतरवा.

परवा ती गेली आणि काल हुबळीत, हॉस्पिटलच्या गेटवर तिचा फोटो लागला. खाली लिहिलंय, 'जन्मजात नेतृत्व'.

खोटं आहे. मी तिला शाळेपासून ओळखते. त्याच हॉस्पिटलच्या ऑफिसात मी अख्खी नोकरी काढली.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत शैला ही एक कडक, फटकळ तोंडाची वॉर्ड सिस्टर होती. तिच्या पावलांचा आवाज आला की नव्या नर्सेस उगाच ट्रे सरळ करायच्या. लिननच्या खोलीत जाऊन किती जणी रडल्या, मला ठाऊक आहे. पाण्याचा ग्लास मीच न्यायचे.

धारवाडच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हा दोघींना इंग्लिश आलं ते पट्टीच्या धाकाने. शिकवणं म्हणजे तेच, असं तिला वाटायचं.

मलाही.

मग एका दुपारी रेणुकाच्या हातून एका पेशंटला इन्सुलिन दुसऱ्यांदा दिलं गेलं. रेणुका अळणावरकडच्या खेड्यातली, नोकरीला लागून तीन महिने झालेली. चूक तिला लगेच कळली होती. पण ती गप्प राहिली. पेशंट घामाने डबडबला, तेव्हा कुठे बोलली.

तो वाचला. थोडक्यात.

शैलाने विचारलं, "अगं, मी इथेच होते की. लगेच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इथेच होता, म्हणूनच सिस्टर."

त्या संध्याकाळी शैला धारवाडात, मळमड्डीला माझ्या घरी आली. चहा तसाच गार झाला.

"मला भ्याली ती. त्यात एक माणूस गेला असता ग."

"आता या वयात काय बदलणार तू?"

"बघू की. इंजेक्शन द्यायला तरी आईच्या पोटातून शिकून आले होते काय?"

शिकली. सुभाष रोडवरून एक शाळेची वही आणली. आज कुठे ओरडले आणि तिथे काय विचारायला हवं होतं, ते रोज लिहायची. पोरी बोलत असताना मध्ये बोलू नये म्हणून दाताखाली लवंग धरायची.

माझ्यावरही प्रॅक्टिस चालायची.

"शैला, ही साडी लग्नाला चालेल काय?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तू पूर्वी बरी होतीस."

हसली. पण साडीबद्दल शेवटपर्यंत काही बोलली नाही.

दुपारी दोनला ड्यूटी बदलते, तेव्हाची वीस मिनिटं तिने मुलींसाठी ठेवली. सगळ्यात नवी मुलगी आधी बोलणार. आज काय चुकलं, काय चुकता चुकता राहिलं. शैला सगळ्यात शेवटी. कुणी अडखळली की म्हणायची, "अंजब्याड, हेळवा." भिऊ नकोस, सांग बाई.

मुली सांगू लागल्या. सुरुवातीला रडत, मग न रडता. सांगितलेलं सगळं रजिस्टरमध्ये लिहू लागल्या. एकमेकींचे डोस तपासून घेऊ लागल्या.

आणि मग मॅनेजमेंटने ते रजिस्टर मागवलं, शैलाला मीटिंगला बोलावलं.

"सिस्टर, तुमच्या वॉर्डात चुका फार वाढल्यात," नवे साहेब म्हणाले. "बाकीचे वॉर्ड बघा. एकही चूक नाही."

एकही नाही. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात. आणि हे विचित्र आहे, असं त्या खोलीत कुणीही म्हटलं नाही.

शैला म्हणाली, "सर, तिथे सांगत नाहीत. इथे सांगतात."

"म्हणजे तुमचा वचक राहिलेला नाही."

ज्या वचकापायी एक माणूस मरता मरता वाचला, तो वचक त्यांना परत हवा होता.

रिटायरमेंटला दोन वर्षं असताना तिला स्टोअरला टाकलं. ग्लोव्हजचे खोके लावायला. दोन वाजताची ती वीस मिनिटं त्याच आठवड्यात बंद झाली.

त्या मीटिंगची मिनिट्स मी लिहिली. 'चुका वाढल्या' हे शब्द माझ्या हातचे आहेत. खरं काय ते मला माहीत होतं. शैलाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून लिहीत राहिले. माझीही नोकरीची थोडीच वर्षं उरली होती.

नंतर मी तिच्याकडे गेले, तेव्हा म्हणाली, "तुझा राग नाही ग. पण पोरींना काय सांगू? खरं बोललात म्हणून मला हलवलं, असं सांगू?"



आता तेच लोक तिला जन्मजात म्हणतायत. जन्मजात म्हटलं की सोयीचं असतं. मग कुणाला शिकवायला नको, शिकायला वेळ द्यायला नको. पन्नाशी उलटलेल्या बाईने स्वतःला मोडून जे नवं उभं केलं, ते कुणी पाडलं, हेही कुणी विचारत नाही.

रेणुका आणि त्या वॉर्डातल्या सगळ्या मुलींनो, हे तुमच्यासाठी लिहितेय.

तुमच्या वॉर्डात चुका वाढल्या नव्हत्या. लपवणं थांबलं होतं.

तिला शिक्षा झाली, ती तुम्ही सांगितलंत म्हणून नव्हे. खरं काय ते मला ठाऊक असून मी लिहिलं नाही, म्हणून झाली.

शैला, तुला निरोप. त्यांच्यावरच्या आणि माझ्यावरच्या रागाने, आणि मनापासून.