अंकुशचा काठ

गोपाळरावांच्या घरातला कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत राधाबाईंचा चहा उकळून, गाळून, पिऊनही व्हायचा. कधी कधी तर तो नुसताच घरघरायचा आणि डोळे मिटायचा. तरी मोहाडीतल्या त्या कोष्ट्याच्या घरात त्याच्यावर धूळ म्हणून बसू देत नसत. त्यांचा एकुलता मुलगा अंकुश गेल्या साली वरठीच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून गेला. जाण्याआधी त्याने बहिणीच्या लग्नाच्या लुगड्यासाठी या कॉम्प्युटरवर एक काठ काढून ठेवला होता. लग्न आता तोंडावर आलं होतं, आणि तो काठ मागावर उतरवायचा होता. राधाबाईंनी तो अजून पाहिला नव्हता. विणूनच दाखवीन, हा गोपाळरावांचा हट्ट!

नागपूरहून लेक तेजस्विनी फोनवर म्हणाली, "बाबा, काहून त्या डबड्याले धरून बसले? नवीन घ्या ना."

"नवीनमंदी अंकुशचं काय राहीन, माय? हाच दुरुस्त करून आणतो."

दुकानदाराने कॉम्प्युटर उघडून पाहिला. "काका, याची डिस्क खराब होऊन राहिली. नवीन टाकून देतो, मस्त पळन. जुनी पाह्यजे का तुमाले?"

"मले कायले? फेकून दे."

याला अडाणीपणा म्हणायचा तर खुशाल म्हणा. पण मागावर जुना ताणा संपला की त्याची टोकं कोणी ओढून काढत नाही. नव्या ताण्याचा एकेक धागा त्या टोकांना पिळून जोडायचा, म्हणजे नवा जुन्याच्या मागोमाग आपल्या जागी जातो. नवं घालायचं ते जुन्याला जोडूनच. जन्मभर हेच केलेल्या माणसाला, जुन्या डिस्कमधलं नवीत येईल ना, हे विचारण्यासारखं वाटलंच नाही. अंकुशचा काठ त्या जुन्या डिस्कमध्येच होता.

दुसऱ्या दिवशी घरी कॉम्प्युटर चुटकीसरशी सुरू झाला. आत काहीच नव्हतं. गोपाळराव तसेच दुकानात धावले.

"काका, मी इचारलं होतं ना तुमाले," दुकानदार हळूच म्हणाला. "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला."

तो खोटं बोलत नव्हता, आणि म्हणूनच गोपाळरावांना त्याच्यावर रागावताही येईना. भंगारवाल्याचा पत्ता काही लागला नाही.

मग ते चौकटीचा कागद घेऊन आठवून आठवून काढायला बसले. फूल जमलंसं वाटे, वेल चुके. पुष्कळ कागद फाडल्यावर एक काठ पुरा झाला. चांगला होता, पण त्यातली वेल त्यांची होती, फूल त्यांचं होतं. पोराचं त्यात काहीच उतरलं नव्हतं. पोटच्या पोराचा हात आपल्याला आठवू नये, याची त्यांना लाज वाटली आणि रडू फुटलं.

राधाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "हाच का जी, अंकुशचा?"

गोपाळरावांनी डोळे पुसले. "हाच."

राधाबाईंनी कागदावरून हलकेच बोट फिरवलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"अगदी तुमच्यासारखाच हात होता जी त्याचा."