रिकाम्या फोल्डरचा बॅकअप

"सर, रिस्टोर झालं. पण फोल्डर रिकामं आहे," प्रणाली म्हणाली.

साकोलीत आमची तिघांची टीम, प्रणाली त्यातलीच. लहान संस्थांचे सर्व्हर आम्ही सांभाळतो. त्या सकाळी एक हार्ड डिस्क बंद पडली होती. डिस्क जातातच. म्हणून बॅकअप, म्हणजे दुसरीकडे ठेवलेली प्रत. ती परत आणणं म्हणजे रिस्टोर.

डिस्कवर दिघोरीच्या वनिताताईंची रेकॉर्डिंग होती. ताई मासेमारी करणाऱ्या घरातल्या. तलावात कोणता मासा कुठे अंडी घालतो, कोणत्या गवतात लपतो, हे त्यांनी अकरा म्हाताऱ्यांकडून दोन वर्षं बसून वदवून घेतलं होतं.

"बॅकअप सक्सेसचा मेल तर रोज यायचा," मी म्हणालो.

"रिकाम्या फोल्डरचा, सर."

चार महिन्यांपूर्वी जागा कमी पडली, म्हणून रेकॉर्डिंग मीच नव्या डिस्कवर हलवली होती. बॅकअपला नवा पत्ता द्यायचा राहिला. तो जुन्याच फोल्डरची प्रत घेत राहिला. तीस दिवसांहून जुन्या प्रती आपोआप पुसल्या जातात. रेकॉर्डिंग असलेल्या प्रती तशाच पुसल्या गेल्या.

डिस्क नागपूरला डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवली. आठवड्याने त्याचा फोन आला. आतली तबकडी घासली गेली होती. काही निघणार नव्हतं.

फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. मी दिघोरीला गेलो. ताई अंगणात जाळं सांधत होत्या.

"ताई, रेकॉर्डिंग गेली. चूक माझी आहे."

"सबन?"

"सगळी."

त्यांचा हात थांबला. "बाबाची बी?"

अकरांतले एक त्यांचे वडील, ते दिवाळीनंतर वारले होते. मी विचारलं, "मोबाईलमध्ये एखादी राहिली असेल का?"

"तुमीच त सांगतलं होतं भाऊ. सर्व्हरवर आहे, मोबाईल खाली करा म्हणून. मी केला."

खरंच सांगितलं होतं. त्यांचा मोबाईल भरला होता, हँग होत होता. मी अगदी खात्रीने सांगितलं होतं.

ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा ठेवला. तो मी कसाबसा घेतला.

अकरापैकी सात जण अजून आहेत. ताई त्यांच्याकडे पुन्हा जाऊन रेकॉर्ड करत आहेत. रविवारी प्रणाली सोबत जाते. "दुसऱ्या खेपेले मानसं थोडक्यात सांगतेत," ताई म्हणाल्या.

बॅकअप झाला की नाही, हे मेलवरून कळत नाही. फाईल परत आणून उघडली की कळतं. आम्ही आता दर सोमवारी एक उघडून ऐकतो. दहा मिनिटं लागतात.