शांतता राखा, इथे अंगणवाडी आहे

आमची अंगणवाडी हुतात्मा स्मारकात भरते, हे सांगितलं की माहेरची माणसं जरा गप्प होतात. मी कुठल्या तरी समाधीवर पोरं सांभाळते असं त्यांना वाटतं. तसं फार चूकही नाही. उतरत्या छपराची एक खोली, पुढे ओटा, ओट्यासमोर दगडी खांब आणि खांबावर निजामाच्या राजवटीत मारल्या गेलेल्या गावकऱ्यांची नावं. अंगणवाडीला स्वतःची इमारत आहे, पण ती बांधली त्याच वर्षी गळायला लागली. स्मारक गळत नाही. सरकारने मेलेल्यांसाठी काम मन लावून केलं होतं.

मी तिथे मदतनीस. माहेर पंचगंगेच्या काठचं. नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून आमच्याकडच्या कारखान्यावर यायचा, त्यातून सोयरीक जुळली आणि मी पार औंढा तालुक्यात येऊन पडले. आठवीत शाळा सोडलेल्या परमुलखातल्या बाईला गावाने हे काम दिलं, याचे उपकार मी रोज मानते, आणि हे काम जाईल म्हणून रोज भितेसुद्धा. दोन्ही एकदम जमतं. सवयीने जमतं.

स्मारकाच्या भिंतीवर जुनी पाटी आहे, ‘शांतता राखा’. तिच्या खाली पोरं बडबडगीतं म्हणतात, खिचडीच्या ताटल्या वाजवतात. पाटीने आजवर तक्रार केलेली नाही.

इथे आले तेव्हा मला रझाकार हा शब्द माहीत नव्हता. आमच्याकडे स्वातंत्र्य पंधरा ऑगस्टला मिळालं आणि विषय संपला. मराठवाड्याला पुढे वर्षभर वाट बघावी लागली, हे मला सासरी कळलं. तेही आधी नाही. आधी कळलं ते एवढंच, की लेकरू रडायला लागलं की सासूबाई म्हणायच्या, “चूप बस, रझाकार येतील.” मी नवऱ्याला विचारलं, हे रझाकार कुठल्या आळीला राहतात? घरातले सगळे पोट धरून हसले. मग समजावलं. निजामाच्या बाजूची हत्यारबंद माणसं होती, गावं लुटली, माणसं मारली, जीव वाचवायला लोक पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात पळाले. पण तोवर शब्द जिभेवर बसला होता. काहून, व्हय, न्हाई हे जसे शिकले तसाच तोही शिकले, आणि इथलीच झाल्यासारखं वाटून अंगणवाडीत वापरायला लागले. पोरं चटकन गप्प व्हायची. आमच्या बागुलबुवाला एवढी सर कधीच नव्हती.

गेल्या साली मुक्तिसंग्राम दिनाला जिल्ह्याहून मोठे साहेब यायचे ठरले. एरवी त्या दिवशी आम्ही स्मारक रिकामं करतो. वजनकाटा, गॅसची शेगडी, भिंतीवरचे हत्ती-घोडे सगळं मंदिरात नेऊन ठेवतो, म्हणजे हुतात्म्यांना दिवसभर आपलं घर आपल्यालाच मिळाल्यासारखं वाटतं. या वेळी मात्र कुणी तरी साहेबांच्या कानावर घातलं होतं की स्मारकात पोरं मुततात. सरपंच मला म्हणाले, “वहिनी, मी साहेबाला सांगितलं, आमची लेकरं अशी शिस्तीत बसतात की कळत बी न्हाई. आता लेकरं कार्यक्रमाला बसवायची, तुमी बघा. मौनात एक जरी पोरगं बोंबललं तर अंगणवाडी बराबर कॅनॉलवरच्या शेडात.”

ते पत्र्याचं शेड मी पाहिलं होतं. त्यात जुनी मोटार होती आणि साप होते. तिथे कोण आई पोर पाठवील? पोरं नाहीत म्हटल्यावर मदतनीस तरी कशाला?

म्हणून मौनाचा सराव सुरू केला. पोरांना रांगेत बसवायचं, तोंडावर बोट, आणि कुणी चुळबुळ केली की “चूप, रझाकार येऊन राहिले.” बाकीची तयार झाली. एक पोरगी तेवढी राहिली, तिचा आवाज एकदा सुटला की शिरडच्या बाजारात ऐकू जावा असा. तिला मी ते वाक्य डोळे मोठे करून म्हटलं, तेव्हा ओट्यावर मोठी माय बसली होती. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. रोज सकाळी खांबाला टेकून बसायची, आम्ही तिला वाटीभर खिचडी द्यायचो. त्या दिवशी ती माझ्याकडे बघत राहिली आणि वाटी तशीच ठेवून उठून गेली. मी घाबरले. आपण खिचडीत मीठ जास्त टाकलं असं मला वाटलं.

कार्यक्रमाला साहेब आले, झेंडा झाला, फुलं वाहिली. दोन मिनिटं मौन सुरू झालं आणि त्या पोरीच्या हातातला कागदी झेंडा खाली पडला. तिने तोंड उघडलं, पहिला सूर निघाला, आणि मी हात तिच्या तोंडावर दाबला.

माझं मनगट कुणी तरी धरलं. मोठी माय होती.

“काढ. हात काढ, माय. रडू दे तिला.”

मी हळूच म्हटलं, मौन चालू आहे.

“आमच्या मायनं बी असाच दाबला होता,” ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण शांतता इतकी चोख राखलेली होती की शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचलं.

मी हात काढला. पोरगी मोकळी झाली. तिच्या रडण्यातच म्हातारी सांगत राहिली. रझाकार गावात शिरले तेव्हा ती माय आणि तान्ह्या भावाबरोबर चुडीवालीच्या घरात लपली होती. चुडीवाली म्हणजे बांगड्या भरणारी, मुसलमान. दारात उभी राहून तिने आलेल्यांना सांगितलं, घरात कुणी नाही. आतल्या खोलीत तान्हं रडायला लागलं. मायने तळवा दाबला. रझाकार निघून गेल्यावर काढला.

“मग ते रडलंच न्हाई,” मोठी माय म्हणाली.

मौन दोन मिनिटांचं होतं, पण ते संपवायचं कुणी हे कुणालाच सुचेना. पोरगी तेवढी सगळ्यांच्या वतीने रडत होती.

शेवटी साहेबांनी विचारलं, आजी, बाळाचं नाव सांगा, खांबावर घेता येईल का बघतो. चांगल्या मनाने विचारलं.

“नाव कुठलं, साहेब? बारसं व्हायचं होतं.”

आणि चुडीवालीचं, साहेबांनी विचारलं. तिला सगळे चुडीवालीच म्हणायचे.

खांब आहे तसाच राहिला. आभाराच्या भाषणात सरपंचांनी हे स्मारक बोलतं झालं पाहिजे असं सांगितलं, टाळ्या पडल्या. शेडाचं नाव कुणी काढलं नाही. पुढचे काही दिवस मीच जीव मुठीत धरून होते, मग धीर करून विचारलं. सरपंच म्हणाले, “कोणतं शेड?”

मोठी माय परत ओट्यावर येऊन बसते, वाटी चाटूनपुसून संपवते. वजनकाटा मी आता पाटीच्याच खिळ्याला अडकवते, तेवढा वेळ ‘शांतता राखा’ झाकलेलं असतं. आणि पोरं गोंधळ करायला लागली की मी बागुलबुवाची भीती घालते. इथल्या पोरांना तो कोण हेच माहीत नाही. कुणी गप्प बसत नाही.