दलदल, मेंढी आणि हे
हे छातीपर्यंत दलदलीत गेले होते आणि धरलेली मेंढी सोडायला तयार नव्हते.

"सोडा ती!" मी काठावरून ओरडले.

"शेजाऱ्याची आहे गं."

"आणि तुम्ही कुणाचे?"

तेव्हा आम्ही आयर्लंडमध्ये थोरल्या मुलाकडे राहत होतो. वस्ती म्हणजे रस्त्याकडेची थोडी घरं. पाव आणायचा तर वरचं गाव, डॉक्टर हवा तर खालचं. आम्ही दोघं कोरड्या मुलखातले. हिरवं दिसलं की खाली जमीन असणार, एवढंच ठाऊक. तिथे हिरव्याखाली काळा गाळ होता.

मला इंग्रजी येत नाही. मी धावत जाऊन मेंढीवाल्याला मनगटाला धरून ओढत आणलं. त्याने एकदा पाहिलं आणि पळत जाऊन आपल्या गाडीचा भोंगा दाबून धरला. दोन्ही गावांकडून माणसं आली. फुटबॉलवरून ही गावं एकमेकांशी धड बोलत नसत. पण कुणी काही विचारलं नाही. शेताचं लोखंडी फाटक बिजागरीवरून उचललं, गाळावर आडवं टाकलं आणि दोघं त्यावरून पोटावर सरपटत पुढे गेले.

ते काय बोलत होते ते ह्यांनी मला नंतर सांगितलं.

"खालच्या गावची दलदल! पाहुण्यालाही सोडत नाही," वरच्या गावचा म्हणाला.

"तुमच्या गोलकीपरपेक्षा पाहुण्याची पकड बरी आहे," खालच्याने ऐकवलं.

आता आम्ही समुद्रापलीकडच्या ब्रेडा शहरात, धाकट्या मुलाकडे असतो. इथली जमीन सपाट, कालवे सरळ, बुडायचं म्हटलं तरी जागा शोधावी लागेल. शेजारीण चांगली आहे, पण चहाला बोलावते ती पुढच्या आठवड्यातला वार ठरवून. तिथे मागचं दार ढकलून कुणीही आत यायचं, टेबलावर बटाटे ठेवायचं, चुलीपाशी बसायचं. माझं मराठी, त्यांचं इंग्रजी. अडलं नाही कधी. मला ती माणसं हवीशी वाटतात.

त्या दिवशी दोर ह्यांच्या काखेखालून गेला, तरी ह्यांचे हात मेंढीलाच. ओढणाऱ्यांना दोघांचं वजन पेलेना. शेवटी मेंढीवालाच फाटकावर आडवा झाला.

"मेंढ्या माझ्याकडे पुष्कळ आहेत," तो ह्यांना म्हणाला. "तिला नवरा एकच आहे. सोड."

ह्यांनी हात सोडले.

मेंढी गेली. हे वाचले.