अठराशे कॅलरी आणि तांब्याभर पेज

माझी सगळी नोकरी अंगणवाडीत पोरांची वजनं वाढवण्यात गेली. त्यामुळे घरच्या माणसाचं वजन उतरवायची पाळी आली तेव्हा वाटलं, त्यात काय एवढं. कपाळ माझं!

आमच्या ह्यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता. शहापूरचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी आठ किलो उतरवा, आणि तेही हळूहळू, उपाशी राहून नको. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं: या वजनाला दिवसाला साधारण तेवीसशे कॅलरी लागतात, त्यातल्या पाचशे कमी केल्या की अठराशे. आठवड्याला अर्धा किलो गेलं तरी पुष्कळ. परतीच्या एसटीत हे एकच बोलले, "भाताच्या लावणीला चिखलात उभा राहीन ना गो?" मी ठणकावून "राहाल" म्हटलं, पण आतून घाबरले होते.

घरातली एक वाटी मापाला ठरवली. दुपारी भात, दोन्ही वेळेला तांदळाची एकेक भाकरी, तेल चमच्यानं, सगळं वहीत. हे मुकाट जेवायचे. इतक्या मुकाट जेवणाऱ्या माणसावर चिडायचं तरी कसं? पहिल्या महिन्यात दोन किलो गेले. मग काटा हलेचना. धसईच्या बाजारात भजी चापत असणार, असा संशय धरून मी भांडले. हे म्हणाले, "भजी खाल्ली असली तर तुझी शपथ."

शेवटी एका सकाळी मी ह्यांच्या मागोमाग गेले. सासूबाई शेजारीच, थोरल्या दिरांकडे राहतात. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. हे पुढ्यात बसले, तशी त्यांनी हातानं सदरा चाचपला. "ढगळ झालाय रे. वाळलास." आणि तांब्याभर नाचणीची पेज पुढे केली, घट्ट, गूळ घातलेली.

"हे मला का नाय सांगितलंत?" मी ह्यांना विचारलं.

"पेज ती. पिली, खाल्ली कुठं?"

आमच्याकडे पेज पाण्यातच धरतात, शेतात तहान लागली की पेज. नाचणीचं बळ गावभर सांगत फिरणारी मी, मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. तरी तडतडणार होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आता चुलीकडं कोण येऊ देत नाय गो. सकाळची ही पेज तेवढी माझ्या हातची."

दुपारी वही पुन्हा मांडली. पेज सगळ्यात वर लिहिली, संध्याकाळची भाकरी काढली, भात अर्धी वाटी कमी केला. अठराशेत बसलं. सासूबाईंना गूळ तेवढा बंद करायला सांगितला, त्यांनी केला. पण वजन उतरलं की सदरा ढगळ व्हायचा, आणि सदरा ढगळ लागला की दुसऱ्या दिवशी पेज घट्ट. मग मी ह्यांचे दोन्ही सदरे बगलेपासून खाली आत घेतले. महिन्याभरानं पुन्हा, मग पुन्हा. सासूबाई चाचपायच्या, म्हणायच्या, "आता बरा भरलायस." पेज पातळ झाली, तांब्याही अर्ध्यावर आला. मी स्वतःच्या हुशारीवर खूश.

गेल्या आठवड्यात आठवा किलो गेला, ऑपरेशनची तारीख मिळाली. सकाळी ह्यांच्या आधी मीच सांगायला धावले. सासूबाईंनी ऐकून घेतलं, माझा हात धरला.

"शिवण हाताला लागते गो. तीनदा घातलीस."

"मग बोलला का नाय, आई?"

"काय बोलू? लेकाला कमी वाढायचं म्हणजे जिवावर येतं. तू शिवलंस, मग मला जमलं."

बोलता बोलता त्यांचा हात माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला, तिथे थांबला. त्यांनी पेजेचं भांडं ओढलं आणि तांब्या काठोकाठ भरला.

"बस. तूच वाळलीस."

मी तिथेच बसले. सगळी पेज प्याले, रडत रडत. वहीत लिहिली नाही.