चिठ्ठीवर चिठ्ठी

या देशात काहीही घडलं की त्याचा सर्वांत जास्त मनस्ताप कोणाला होत असेल, तर तो माझ्या बायकोच्या थोरल्या भावाला. मंत्री शपथ घेतात, शास्त्रज्ञ नवा बेडूक शोधून काढतात, कुठल्याशा गावच्या मिरचीला मानांकन मिळतं. बाकीच्यांना याचा आनंद होतो, दुःख होतं, बहुतेकांना काहीच होत नाही. शहाडला दोन खोल्यांत राहणारे आमचे अण्णा मात्र प्रत्येक घटना मनाला लावून घेतात. कारण ते स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी दर महिन्याला चालू घडामोडींचा अंक काढतात. तो पंचवीस तारखेला छापायला जातो आणि देश, अण्णांच्या मते, सव्वीस तारखेची वाट बघत दबा धरून बसलेला असतो.

कंपनी बंद पडल्यावर त्यांनी हा उद्योग सुरू केला. कल्याण-डोंबिवलीतल्या क्लासेसमध्ये आणि ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोजवळच्या एका स्टॉलवर अंक ठेवलेला असे. अण्णांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या बातम्या होत्या, 'येईल' आणि 'येणार नाही'. येईल म्हणजे परीक्षेत. महागाई येणार नाही, रस्त्यातले खड्डे येणार नाहीत, बेडूक नक्की येईल. त्यांच्या स्वतःच्या इमारतीच्या गॅलरीचा तुकडा खाली पडला, सगळे रहिवासी धावले, तेव्हा अण्णांनी खिडकीतून डोकावून "येणार नाही" असा निर्वाळा दिला आणि पुन्हा प्रुफात डोकं घातलं. कुठल्या जागतिक यादीत आपला देश वर चढला की खाली घसरला, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. जागा सोडली याचाच राग. "होता तिथे बरा होता की!" असं ते म्हणत.

सव्वीस तारखेच्या पुढे माझा फोन वाजला आणि पलीकडून कोणी "हॅलो" न म्हणता एकदम "दाजी, बदलले!" असं ओरडलं, की ओळखायचं. कोण बदललं हे विचारायची सोय नव्हती, कारण मला ते माहीत असायला हवं असं त्यांचं मत होतं. एकदा एक थोर वृद्ध गायक गेले. अण्णा आमच्याकडेच जेवायला बसलेले. टीव्हीवर बातमी आली तशी त्यांनी हातातला घास खाली ठेवला, डोळे मिटून दोन्ही हात जोडले आणि डोळे न उघडताच म्हणाले, "पान तेरा." दुसऱ्या एका वेळी कोणा बड्या अधिकाऱ्याला पदावर मुदतवाढ मिळाली, तेव्हा ते शहाडहून आम्हाला पेढे द्यायला आले. तो अधिकारी कोण, कामाचा कसा, काही ठाऊक नव्हतं. पान बदलावं लागलं नाही म्हणून पेढे.

पण बदलायचे ते बदलतच. मग रविवारी आम्ही शहाडला चिठ्ठ्या चिकटवायला बसायचो. नव्या माहितीच्या बारीक पट्ट्या कापून, डिंक लावून, प्रत्येक अंकात जुन्या ओळीवर नेमक्या बसवायच्या. माझी बायको यात तरबेज होती. मी लावलेली चिठ्ठी तिरकी जायची आणि अण्णा ती काही न बोलता सोलून काढायचे. हेही एक वेळ ठीक होतं, पण विकून झालेल्या अंकांचं काय? इतर कोणीही ते देवावर सोडलं असतं. अण्णांनी अंकाच्या मागच्या पानावर छापलं होतं, 'माहिती बदलल्यास दुरुस्ती घरपोच.' प्रेसवाल्याला तो विनोद वाटला. अण्णा पिशवीत डिंकाची बाटली, चिठ्ठ्या आणि एक जुना रुमाल घेऊन खरोखरच हिंडत. डोंबिवलीत एका क्लासखाली एक मुलगा एका हाताने वडापाव खात, दुसऱ्या हातात अंक धरून वाचत उभा होता. अण्णांनी त्याच्या हातातून अंक काढून घेतला, चिठ्ठी लावली, रुमालाने दाबली, "सुकू दे," म्हणाले आणि चालू लागले. त्या मुलाला अजूनही हा माणूस कोण होता ते कळलं नसेल.

या सगळ्या गिऱ्हाइकांत अण्णांचा जीव होता तो बाळकुमच्या स्वप्नालीवर. नव्या टॉवरांच्या मागे जे जुनं गाव उरलं आहे, तिथे ती आईबरोबर राहायची. दिवसभर मेडिकलच्या दुकानात उभी असायची आणि अंक हातात पडला की शंका विचारायला अण्णांना फोन करायची. एका सरकारी खात्याच्या भरतीची ती तयारी करत होती आणि ही तिची शेवटची संधी होती. पुढच्या वेळी तिचं वय बसणार नव्हतं. "पोरगी साहेब होणार," असं अण्णा मला सांगत. त्यांच्या तोंडून कोणा माणसाच्या भविष्याबद्दल निघालेलं हे मी ऐकलेलं एकमेव वाक्य.

परीक्षा रविवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी दिल्लीतल्या एका राष्ट्रीय मंडळाचे अध्यक्ष बदलले. अण्णा तासाभरात खोपटला आमच्या घरी हजर. "दाजी, स्कूटर काढा."

"अहो, फोन करून नाव सांगा ना तिला."

"फोनवरचं पेपरात आठवत नाही. पान आठवतं," अण्णा म्हणाले. त्यांनी घरपोच छापलं होतं आणि ते पुढे काही ऐकणार नव्हते.

बाळकुमला पोचलो तर स्वप्नाली दारातच चपला काढत होती. "सर, तुम्ही? बसा ना, मी पण आत्ताच आलेली," असं ती म्हणेपर्यंत अण्णांनी अंक मागून घेतला होता. आतून तिची आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "सर, पयले पानी तरी घ्या," ती म्हणाली. अण्णांनी आधी चिठ्ठी लावली, मग पाणी घेतलं. परतताना स्कूटरवर मागे बसून ते चक्क गुणगुणत होते.

पेपरात तोच प्रश्न आला. स्वप्नालीने डोळ्यांसमोर पान आणलं आणि चिठ्ठीवरचं नाव निवडलं. मात्र पेपर काढणाऱ्याने पेपर केव्हाच काढून सीलबंद केलेला. उत्तरतालिकेत जुनं नाव बरोबर होतं आणि नवं नाव पर्यायांत सहज, चूक उत्तर म्हणून, बसलेलं होतं. अण्णांनी कात्रणं गोळा करून दिली, स्वप्नालीने रीतसर हरकत घेतली. प्रश्न पेपर काढला त्या दिवसाप्रमाणे धरला जाईल, असं उत्तर आलं. निकाल लागला तेव्हा ती एका प्रश्नाने राहिली होती.

अण्णांनी अंक बंद केला. पुढच्या पंचवीस तारखेला प्रेसमध्ये गेले नाहीत, एवढंच. मी भेटायला गेलो तर खिडकीत बसून होते, समोर घडी न मोडलेला पेपर. "मी त्या दिवशी घरी बसलो असतो," ते म्हणाले, "तर पोरगी आज साहेब असती." बाळकुमला जाऊन तिच्यासमोर उभं राहण्याचा त्यांना धीर होत नव्हता आणि तिचा फोन आला तरी ते उचलत नव्हते.

मग आमचे रविवार मोकळे झाले. किती वर्षं मी त्या डिंकाच्या नावाने बोटं मोडली होती, पण आता करमेना. सरकारं बदलत, बेडूक सापडत, कोणी म्हणून रागावत नव्हतं. घडलेल्या गोष्टींची कोणीतरी चिडून नोंद घ्यावी लागते, नाहीतर त्या नुसत्याच घडून जातात, असं मला वाटू लागलं. बायको सव्वीस तारखेला उगाच माझ्या फोनकडे बघायची.

आणि एका संध्याकाळी त्याच मंडळाचे अध्यक्ष पुन्हा बदलले. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट बघून शेवटी मीच लावला.

"अण्णा, बदलले."

"माहीत आहे," ते म्हणाले. मग, "त्या मुलीच्या अंकात जुनं नाव राहिलंय."

"अण्णा, तिला आता परीक्षा कुठे आहे?"

"परीक्षा नसली म्हणून काय झालं, दाजी? तिच्या घरात चुकीचं नाव राहतंय ना. मागच्या पानावर मी छापलंय."

मी स्कूटर काढली आणि ठाणे स्टेशनवर जाऊन अण्णांना मागे बसवलं. बाळकुमला पोचेपर्यंत त्यांनी पिशवी छातीशी धरली होती. दार स्वप्नालीनेच उघडलं. पिशवीकडे बघितलं, आत गेली आणि अंक घेऊन आली. "सर, मला वाटलेलं तुम्ही सकाळीच याल," ती म्हणाली. अंकात नेमक्या मापाची कापलेली एक पट्टी होती. तिच्यावर तिच्या अक्षरात नवं नाव लिहिलेलं. "मी लावली नाही. ते तुमचं काम."

अण्णांनी ती पट्टी दिव्याखाली धरून वाचली. चूक सापडली नाही. खिशातून अर्धी बाहेर काढलेली स्वतःची चिठ्ठी त्यांनी परत आत ठेवली.

"त्या वेळी मी आलो नसतो तर," ते अंकाकडे बघतच म्हणाले.

"तर मी चुकीचं उत्तर लिहून पास झाले असते, सर," स्वप्नाली म्हणाली. "आणि मग तुम्ही ते दुरुस्त करायला माझ्या ऑफिसात आला असता."

अण्णांनी यावर विचार केला. आलो असतो, अशा अर्थाने मान हलवली. मग डिंकाची बाटली उघडली, जुन्या चिठ्ठीवर तिची चिठ्ठी सरळ बसवली, रुमालाने दाबली. "सुकू दे," ते म्हणाले, पण या वेळी चालू लागले नाहीत. तिची आई पाणी घेऊन आली आणि तीही टेकली. देशात आणखी काही घडायच्या आत ती चिठ्ठी सुकावी म्हणून आम्ही चौघं बसून राहिलो.