गळती

सोनोग्राफीची थंड जेली बोटांना लागली, की मला सौदी अरेबियातल्या खफजीच्या इस्पितळातला सदानंद आठवतो. तेलाच्या भरभराटीच्या काळात तिथे आलेला हा राजापूरचा वेल्डर कामगारांच्या कॅम्पातल्या मारामारीत लोखंडी पाइपाने झोडपला गेला होता. ओठ फाटलेला, शर्ट रक्ताने अंगाला चिकटलेला. पोटावर जेली पडताच त्याने माझे मनगट पिळले.

“आता तुम्ही पण मारणार?”

“नाही रे. जेली थंड लागेल, यंत्र किंचित दाबेन, सांगितल्यावर श्वास रोखायचा. एवढेच.”

“म्हणजे आम्ही पाइपाचा जोड तपासतो तसंच? मग गळती शोधा, डॉक्टर.”

पडद्यावर प्लीहेभोवती काळा पट्टा उमटला. ते रक्त होते.

“सापडली.”

त्याने मनगट सोडले. “यल्ला, चला, मग जोड मारा.”

तातडीच्या शस्त्रक्रियेने तो वाचला. माझ्या मनगटावरचे वळ निवळण्याआधीच पोटावरचे टाके दाखवत म्हणाला, “वेल्डिंग वाकडं आहे, डॉक्टर. पण गळत नाही.”